आरसी, आयसी आणि पासपोर्ट : तिबेटी निर्वासितांच्या प्रवासाचे नियम समजून घेताना

काही वर्षांपूर्वी नागपूरहून निघालेली आमची धम्मयात्रेची बस कुशीनगर करून सोनौलीला पोहोचली. सीमेपलीकडे लुंबिनी, जेमतेम तासाभराचा रस्ता. सगळ्यांनी मतदार ओळखपत्रे हातात काढून ठेवली होती. आमच्यासोबत गोंदिया जिल्ह्यातला एक तिबेटी मित्र होता. तो गोठणगावच्या वसाहतीत जन्मला, हिवाळ्यात नागपुरात स्वेटरचे दुकान लावतो आणि आमच्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी वळणाचे बोलतो. बस थांबली तशी तो पिशवी घेऊन खाली उतरला. म्हणाला, "तुम्ही जाऊन या, दादा. माझा कागद तिकडे चालत नाही. मी इथंच धर्मशाळेत थांबतो."

चूक आमची होती. यात्रेचा फॉर्म भरून घेताना आम्ही प्रत्येकाचे आधार कार्ड मागितले होते आणि त्याच्याकडे आधार कार्ड होते. पॅन होते, ड्रायव्हिंग लायसन्सही होते. आधार कार्ड म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे आम्ही मोर्चात शंभर वेळा सांगितले असेल. आपल्याच बसमधल्या माणसाच्या बाबतीत मात्र ते आमच्या लक्षात आले नाही. भारतीय नागरिकाला नेपाळ हा परदेश वाटत नाही, कारण १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपण व्हिसाशिवाय ये-जा करतो. ती सवलत फक्त दोन्ही देशांच्या नागरिकांना आहे. आमचा मित्र भारतात जन्मला असला तरी कायद्याच्या लेखी तो परदेशी आहे. तो त्या दिवशी गर्दीतून सीमा ओलांडू शकला असता, कोणी अडवलेही नसते. पण परत येताना तो कोणत्या कागदावर भारतात शिरला असता?

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहोत. आपल्या संस्था तिबेटी भिक्खूंना परिषदांना बोलावतात, तिबेटी तरुण आपल्या शिबिरांना येतात, बोधगया-सारनाथला आपण त्यांच्या शेजारी बसून वंदना म्हणतो. त्यांच्या खिशातले कागद काय आहेत आणि त्या कागदांवर कुठपर्यंत जाता येते, याची माहिती मात्र आपल्या कार्यकर्त्यांना नसते.

तीर्थयात्रेला कागद लागत नव्हता तेव्हा

१९५४ च्या एप्रिलमध्ये भारत आणि चीन यांच्यात तिबेटबाबत करार झाला. पंचशील म्हणून तो सर्वांना माहीत आहे. त्या करारात प्रवासाबद्दलचीही कलमे होती. तिबेटमधल्या बौद्ध यात्रेकरूंना वाराणसी, सारनाथ, गया आणि सांची इथे येता येईल, इथल्या यात्रेकरूंना कैलास-मानसरोवराला जाता येईल, आणि यात्रेकरूंना ओळखीचा कोणताही दाखला जवळ बाळगावा लागणार नाही, असे त्यात लिहिले होते. सीमेवरच्या चौकीत नाव नोंदवायचे आणि यात्रेचा परवाना घ्यायचा, एवढेच.

बाबासाहेबांनी त्याच वर्षी २६ ऑगस्टला राज्यसभेत या पंचशीलावर कडक टीका केली होती. पंचशीलावर माओंची खरोखर श्रद्धा असती तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळ्या रीतीने वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. पाच वर्षांनी, ३१ मार्च १९५९ ला दलाई लामा सीमा ओलांडून भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो लोक आले. १९६२ मध्ये कराराची मुदत संपली आणि ती यात्रेकरूंची कलमेही संपली. ज्या वाटेने यात्रेकरू येत होते त्या वाटेने आता निर्वासित येत होते, आणि निर्वासिताला कागदाशिवाय चालत नाही.

जाणे सोपे, परतणे अवघड

इथे दोन शब्दांतला फरक समजून घेऊ. दुसऱ्या देशात जाऊन "मला इथे राहू द्या, परत गेलो तर जिवाला धोका आहे" असे सांगणारा माणूस आश्रयार्थी. त्याचा अर्ज तपासून ज्याला संरक्षण मिळाले तो निर्वासित. २८ जुलै १९५१ ला मंजूर झालेल्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात प्रवासाच्या कागदाचा हक्क कलम २८ मध्ये आहे. तो हक्क त्या देशात कायदेशीरपणे राहणाऱ्या निर्वासिताला आहे. अर्ज पडून असलेल्या आश्रयार्थीला तो कागद देण्याचे बंधन सरकारवर नाही. बहुतेक देशांत त्याचा मूळ पासपोर्टही अर्ज करतानाच जमा करून घेतात. त्यामुळे अर्जाचा निकाल लागेपर्यंतची वर्षे माणूस जागच्या जागी अडकतो. आई वारली तरी जाता येत नाही.

हा कागद मुळात जन्मला पहिल्या महायुद्धानंतर. रशियातून बाहेर पडलेल्या लाखो लोकांचे नागरिकत्व तिथल्या नव्या सरकारने काढून घेतले होते. नॉर्वेचे फ्रित्योफ नान्सेन तेव्हा राष्ट्रसंघाचे निर्वासितविषयक उच्चायुक्त होते. त्यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये एक ओळखपत्र सुरू झाले, त्याला नान्सेन पासपोर्ट म्हणत. पन्नासहून अधिक सरकारांनी तो मान्य केला. पण सुरुवातीला त्यात एक मोठी उणीव होती. तो घेऊन देशाबाहेर जाता येत असे, मात्र ज्या देशाने तो दिला त्या देशात परत येण्याची हमी त्यात नव्हती. त्यामुळे दुसरे देश व्हिसा देताना कचरत. हा माणूस परत गेलाच नाही तर काय, ही भीती.

१९५१ च्या कराराने ही उणीव भरून काढली. कराराच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे की, प्रवासाचा कागद देणारा देश त्या कागदाच्या मुदतीत त्या व्यक्तीला केव्हाही परत आत घेईल. आमच्या मते निर्वासितांच्या प्रवासाचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. पासपोर्ट दाखवून आपण बाहेर जातो असे आपल्याला वाटते, पण समोरचा अधिकारी त्यात पाहतो ते हे, की याला परत घ्यायला कोण बांधील आहे.

भारताने या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाच नाही. जो नागरिक नाही तो परदेशी, अशी सरळ विभागणी आहे. मग भारतातला तिबेटी माणूस कोणत्या आधारावर राहतो आणि फिरतो? सरकारच्या आदेशांवर. कायद्याने दिलेला हक्क आणि आदेशाने दिलेली सवलत यांतला फरक आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

तीन पुस्तिका

तिबेटी माणसाच्या घरी साधारण तीन पुस्तिका सापडतात, आणि बाहेरच्यांचा गोंधळ इथेच होतो.

पहिली ग्रीन बुक. ही धरमशालाच्या केंद्रीय तिबेटी प्रशासनाची आहे. आपण तिबेटी आहोत आणि निर्वासित प्रशासनाला वार्षिक वर्गणी देतो, याची ती नोंद. समाजात तिला मोठा मान आहे, शिष्यवृत्ती किंवा तिथल्या निवडणुकीसाठी ती लागते. पण ती भारत सरकारचा कागद नाही आणि तिच्यावर कुठलीही सीमा ओलांडता येत नाही.

दुसरी आरसी, म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. ही परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयातून मिळते. बहुतेक जिल्ह्यांत हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात होते. सोळा वर्षे पूर्ण झाली की मुलाला स्वतःची आरसी काढावी लागते, आणि ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते. भारतात राहण्याचा, नोकरी-धंदा करण्याचा, हॉटेलात खोली घेण्याचा आधार हाच कागद. आपल्याकडे सोळाव्या वर्षी मुलगा दहावी-अकरावीच्या चिंतेत असतो, तिकडे त्याच वयात तो परदेशी म्हणून नोंद करायला पोलीस कार्यालयात जातो. नूतनीकरण चुकले तर त्याचा इथला मुक्कामच बेकायदा ठरू शकतो. पत्ता बदलला किंवा दीर्घकाळ बाहेरगावी राहायचे असले तर कळवावे लागते. अरुणाचल, सिक्कीम, लडाखमधल्या संरक्षित क्षेत्रांसाठी इतर परदेशी लोकांसारखा त्यालाही परवाना लागू शकतो. तवांगच्या विहारात जायला मराठी बौद्धाला इनर लाइन परमिट पुरते, गोठणगावच्या तिबेटी बौद्धाची गोष्ट वेगळी.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचे जुने चार कायदे जाऊन इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा, २०२५ लागू झाला. त्याच दिवशीच्या सूट देणाऱ्या आदेशात तिबेटींचा उल्लेख आहे. ठरावीक काळात आणि ठरावीक मार्गाने आलेल्या, नोंदणी करून आरसी घेतलेल्या तिबेटींना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट मिळते. २००३ नंतर येणाऱ्यांसाठी हा मार्ग म्हणजे काठमांडूच्या भारतीय दूतावासातून मिळणारा स्पेशल एंट्री परमिट. हा परमिट कोणत्या कारणासाठी काढला होता यावर पुढचे बरेच अवलंबून असते. यात्रेसाठी म्हणून आलेल्याला निर्वासित म्हणून आरसी मिळेलच असे नाही. २००८ च्या तिबेटमधल्या उठावानंतर चीनने सीमा आवळली, आणि दरवर्षी हजारोंनी येणाऱ्यांची संख्या अगदी थोडक्यावर आली. म्हणून आज आरसीचा प्रश्न मुख्यतः नव्याने येणाऱ्यांचा राहिलेला नाही. तो इथेच जन्मलेल्यांचा आहे.

तिसरी पुस्तिका आयसी, म्हणजे आयडेंटिटी सर्टिफिकेट. पिवळ्या रंगाची म्हणून तिबेटी लोक तिला यलो बुक म्हणतात. परदेशी जाण्यासाठी तिबेटी माणसाकडे असलेला हाच कागद. पासपोर्ट कायदा, १९६७ मध्ये पासपोर्टशिवाय इतर प्रवासपत्रांचीही तरतूद आहे, आणि कलम २० नुसार लोकहितासाठी आवश्यक वाटले तर केंद्र सरकार नागरिक नसलेल्या व्यक्तीलाही पासपोर्ट किंवा प्रवासपत्र देऊ शकते. 'देऊ शकते', 'दिले पाहिजे' नव्हे. आयसीसाठी वैध आरसी लागते. अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरतात, कागद दिल्लीतल्या दलाई लामांच्या ब्युरोमार्फत पुढे जातात, पोलीस पडताळणी होते आणि दिल्लीच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयातून पुस्तिका निघते. आपल्या पासपोर्टला लागतो त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ यात जातो. शिष्यवृत्तीचे पत्र आधी येते आणि आयसी नंतर, असे झाल्याने जागा गेलेली मुले आम्हाला माहीत आहेत.

आयसी हातात आली म्हणजे विमानात बसता येते असे नाही. समोरच्या देशाचा व्हिसा हवा, आणि पिवळ्या पुस्तिकेवर व्हिसा देताना अनेक दूतावास दहा प्रश्न अधिक विचारतात. भारत सोडण्याआधी परदेशी नोंदणी कार्यालयाकडून एक्झिट परमिट घ्यायचा. आणि परत येण्यासाठी रिटर्न व्हिसा घ्यायचा. ज्या देशात जन्म झाला त्या देशात परत येण्यासाठी व्हिसा! पूर्वी आयसीवर 'नो ऑब्जेक्शन टू रिटर्न टू इंडिया' असा शिक्का लागत असे, तिबेटी लोक त्याला नोरी म्हणत. नाव बदलले, प्रश्न तोच राहिला. हे अर्ज आता ई-एफआरआरओ पोर्टलवर करता येतात, त्यामुळे दिल्ली-मुंबईच्या फेऱ्या वाचतात. पण गोठणगावसारख्या ठिकाणी नेट, स्कॅनर आणि इंग्रजी फॉर्म भरून देणारा माणूस, तिन्ही एकाच दिवशी भेटणे सोपे नाही.

शिवाय विमानतळावरचा काउंटर. वैध कागद नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून काउंटरवरचा कर्मचारी ओळखीचा नसलेला कागद दिसला की थबकतो. ती पिवळी पुस्तिका त्याने कधी पाहिलेलीच नसते. हस्तलिखित पासपोर्ट बाद करण्याची आंतरराष्ट्रीय मुदत २४ नोव्हेंबर २०१५ ला संपली, तेव्हा हाताने लिहिलेली जुनी आयसी बाळगणाऱ्यांचे असेच हाल झाले. आपल्या संस्थेने तिबेटी वक्त्याला थायलंड किंवा श्रीलंकेच्या परिषदेला सोबत न्यायचे ठरवले असेल तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला लेखी विचारून उत्तर छापून जवळ ठेवावे.

एकाच घरातली दोन भावंडे

आमच्या त्या मित्राला एक मोठी बहीण आहे. ती १९८५ ची, हा १९८९ चा. दोघेही गोठणगावच्या नॉर्ग्येलिंग वसाहतीत जन्मले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातली ही वसाहत १९७२ मध्ये वसली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. आईवडील तिबेटमध्ये जन्मलेले. कायद्याप्रमाणे बहीण भारताची नागरिक आहे, भाऊ परदेशी.

हे कसे? नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक आहे, आईवडील कोणीही असोत. काही मोजके अपवाद आहेत, परकी राजदूतांच्या मुलांसारखे. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील यांपैकी एक नागरिक असावे लागते. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली : एक पालक नागरिक असावा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

कायदा इतका स्पष्ट असूनही पासपोर्ट कार्यालये तिबेटींचे अर्ज फेटाळत होती. १९८६ मध्ये कांगड्यात जन्मलेल्या नामग्याल डोल्कर यांचा अर्ज असाच फेटाळला गेला. त्यांनी आयसी घेतली होती आणि तिच्यात स्वतःला तिबेटी म्हटले होते, असा सरकारचा युक्तिवाद होता. २२ डिसेंबर २०१० ला दिल्ली उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. जन्माने नागरिक असलेली व्यक्ती नागरिक आहेच, तिने वेगळा कागद घेतला म्हणून नागरिकत्व सुटत नाही, आणि सरकारचे अंतर्गत धोरण संसदेच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरत नाही, असा त्याचा अर्थ. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही अशाच प्रकरणात तिबेटी अर्जदाराच्या बाजूने निकाल दिला. २०१४ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने या वयोगटातल्या तिबेटींची नावे मतदार यादीत घेण्याच्या सूचना दिल्या. तरी पासपोर्ट अडतच राहिले. शेवटी २२ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने फुन्त्सोक वांग्याल प्रकरणात पुन्हा तेच सांगितले आणि मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट कार्यालयांना अर्ज स्वीकारण्याचे आदेश दिले.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. काही महिन्यांतच अटी आल्या. पासपोर्ट हवा असेल तर आरसी आणि आयसी रद्द करून घ्या. निर्वासित वसाहतीत राहत नाही असे दाखवा. केंद्रीय तिबेटी प्रशासनाचे लाभ घेत नाही असे लिहून द्या. आरसीधारक म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडल्या असेही लिहून द्या.

वसाहतीतली जमीन निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी दिलेली आहे, तिथले घर कोणा एकाच्या मालकीचे नाही. म्हणजे बहिणीने पासपोर्ट घेतला तर म्हाताऱ्या आईवडिलांचे घर तिला सोडावे लागेल. ती शेती करते, आईला दवाखान्यात नेते. तिने अजून अर्ज केलेला नाही. आम्ही तिला एकदा आग्रह केला, "ताई, तुमचा हक्क आहे, भरून टाका." त्यावर तिने विचारले, "मग मी राहू कुठं?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

निर्वासितांची जमीन निर्वासितांसाठीच राहावी, असे सरकारचे म्हणणे आहे. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण जो जन्माने नागरिक आहे त्याचा पासपोर्ट घर सोडण्याशी का जोडायचा? जमिनीचा प्रश्न जमिनीच्या कायद्याने सोडवावा. परदेशी जाण्याचा हक्क कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सांगितलेले आहे.

तिबेटी तरुणांमध्येही यावर दोन मते आहेत, आणि आपण बाहेरून एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला कमी लेखू नये. काहींना वाटते, भारतीय पासपोर्ट घेतला तर तिबेटचा प्रश्नच विरून जाईल. दलाई लामांच्या मागे आलेले लोक आपापल्या देशाचे नागरिक होऊन पांगले की मागणी करायला उरेल कोण? काहींना वाटते, साठ-पासष्ट वर्षे वाट पाहिली, मुलांनी अजून किती दिवस परदेशी म्हणून जगायचे?

या कायद्यातली आणखी एक बाजू तरुणांपर्यंत पोहोचलेली नाही. १९६५ मध्ये भारतात जन्मलेली तिबेटी स्त्री जन्माने नागरिक आहे. तिला १९९२ मध्ये भारतात मूल झाले असेल, तर एक पालक नागरिक असल्यामुळे ते मूलही नागरिक आहे. १९८७ ही तारीख ऐकून "आपले नाही बसत" म्हणून गप्प बसलेल्या तरुणांनी आधी आईवडिलांचे जन्मदाखले काढून बघावेत. २००४ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत दुसऱ्या पालकाची स्थिती पाहावी लागते, तिथे वकिलाचा सल्ला घ्यावा.

'बौद्ध आहे, मग सीएएत बसेल'

हे वाक्य आम्ही आपल्याच बैठकांत ऐकले आहे. ते चूक आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्धांचे नाव आहे, पण फक्त पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. तिबेट त्यात नाही, म्यानमार नाही, श्रीलंका नाही. चीनच्या ताब्यातल्या तिबेटमधून आलेल्या बौद्धाला या कायद्याचा काहीही उपयोग नाही. छळ झालेल्या बौद्धांना आश्रय दिला म्हणून या कायद्याचे कौतुक करणाऱ्यांनी सर्वांत मोठा बौद्ध निर्वासित समूह त्यातून बाहेर का राहिला, हेही सांगावे.

अरुणाचलमधले चकमा हेही बहुतांश बौद्ध. कर्णफुली नदीवरच्या काप्ताई धरणाने त्यांची शेती बुडाली, आणि १९६४ पासून ते चितगावच्या डोंगराळ भागातून भारतात आले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाबतीत सांगितले की कलम २१ चे संरक्षण नागरिकांपुरते नाही, ते प्रत्येक व्यक्तीला आहे, आणि राज्याने त्यांच्या जीविताचे रक्षण केले पाहिजे. संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' आहे. नागरिकत्वावर बोलणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा फरक पाठ करून ठेवावा, कारण तालुक्याच्या कार्यालयात तोच कामी येतो.

तो किती कामी येतो याचे उदाहरण मणिपूरचे. २०२१ च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर पत्रकार आणि त्यांचे कुटुंबीय असे सात जण मोरेहला येऊन लपले होते. त्यांच्याकडे कोणताही कागद नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयात अर्ज करायला दिल्लीला जायचे, तर वाटेत अटक होण्याची भीती. म्हणजे आश्रय मागण्यासाठी प्रवास करायचा आणि प्रवासासाठी आश्रय मिळालेला असायला हवा, असा पेच. वकील नंदिता हक्सर मणिपूर उच्च न्यायालयात गेल्या. ३ मे २०२१ ला न्यायालयाने त्यांना दिल्लीपर्यंत सुरक्षित जाऊ देण्याचा आदेश दिला. जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलू नये हे तत्त्व कलम २१ मध्ये वाचता येते, असे न्यायालय म्हणाले. मात्र उच्चायुक्तालयाचे कार्ड मिळाले तरी ते प्रवासपत्र नव्हे, त्यावर परदेशी जाता येत नाही.

एजंट आणि शॉर्टकट

भारतातून अमेरिका, कॅनडा, फ्रान्सला गेलेल्या तिबेटींच्या कहाण्या वसाहतींत रोज ऐकू येतात. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने भारत-नेपाळमधल्या एक हजार तिबेटींना व्हिसा दिले, त्यातून तिथली वस्ती वाढली. ज्यांना कायदेशीर वाट सापडत नाही त्यांच्यापुढे एजंट उभा राहतो. दुसऱ्याच्या नावाचा पासपोर्ट, बनावट जन्मदाखला, 'तिकडे उतरल्यावर कागद फाडून टाका' असा सल्ला. २०२५ च्या नव्या कायद्यात बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास दोन ते सात वर्षे कैद आणि एक ते दहा लाख रुपये दंड आहे. वैध कागदाशिवाय भारतात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लुंबिनीला जाऊन परत येणाऱ्या आरसीधारकालाही हे कलम लागू शकते, म्हणून आमचा मित्र बसमधून उतरला ते बरोबरच होते.

परदेशात आश्रय मिळाल्यावरही प्रवास मोकळा होत नाही. अमेरिका निर्वासिताला देते ते प्रवासपत्र एक वर्षाचे असते. ज्या देशातून पळून आलो त्या देशात गेलो, तर "धोका नव्हताच" असे धरून आश्रय काढून घेतला जाऊ शकतो. अर्ज प्रलंबित असताना परवानगीशिवाय देश सोडला तर अर्जच बाद होऊ शकतो. मुलगा न्यूयॉर्कला, आई गोठणगावला, आणि दोघांच्या मध्ये दोन देशांचे व्हिसा, असे कितीतरी घरांत आहे.

आम्ही आमच्या यात्रेचा फॉर्म बदलला आहे. आधार कार्डाच्या रकान्याखाली आता एक ओळ आहे : पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आरसी, आयसी यांपैकी काय आहे त्यावर खूण करा. आरसीवर खूण असेल तर वैधतेची तारीख बघतो, आणि नेपाळचा टप्पा असेल तर तीन-चार महिने आधीच त्या व्यक्तीशी बोलतो. आयसी, नेपाळचा व्हिसा, एक्झिट परमिट आणि रिटर्न व्हिसा हे चारही हातात असल्याशिवाय सीमेपलीकडे नेत नाही. हॉटेलात परदेशी पाहुण्याची नोंद करावी लागते, ती धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला आधी सांगून ठेवतो, म्हणजे रात्री अकरा वाजता काउंटरवर वाद होत नाही.

मित्राने आयसीसाठी अर्ज केला आहे. पोलीस पडताळणी झाली, फाइल दिल्लीत आहे. यंदाच्या यात्रेच्या यादीत त्याचे नाव श्रावस्तीपर्यंत लिहिले आहे, लुंबिनीसमोरचा रकाना अजून रिकामा ठेवला आहे.